पेट्रोल किती दिवस टिकतं? कॅनमधलं वेगळं, कार्ब्युरेटरमधलं वेगळं

तुमचा प्रश्न असा आहे: घरी छोटा जनरेटर आहे, वीज दोन-तीन दिवस गेली तर अडू नये म्हणून ४० लिटर पेट्रोल कॅनमध्ये भरून ठेवायचं आहे, आणि चांगलं स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर बिघडू नये म्हणून त्यात मिसळायचं द्रव्य) घातलं तर ते तीन-चार वर्षं टिकेल का? सोबत तुम्ही हेही लिहिलंय की मागच्या खेपेला वर्षभर ठेवलेलं पेट्रोल टाकीत ओतलं तर जनरेटर सुरूच झाला नाही, म्हणजे पेट्रोल वर्षभरात वाया गेलं.

आधी सरळ उत्तर देतो. तीन-चार वर्षांचा हिशेब धरू नका. ताजं पेट्रोल, घट्ट बंद होणारा कॅन, सावलीतली थंड जागा आणि भरल्या दिवशीच घातलेलं स्टॅबिलायझर, एवढं सगळं जमलं तर वर्षभर निर्धास्त राहता येतं आणि दोन वर्षांपर्यंतही निभावतं. त्यापुढचं पेट्रोल ऐन गरजेच्या वेळी यंत्रात घालावं असं मी कुणाला सांगणार नाही.

पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. माझं काम छोट्या इंजिनांच्या दुरुस्तीचं आहे: जनरेटर, पाण्याचे पंप, गवत कापायची यंत्रं, फवारणीचे पंप. 'पेट्रोल खराब झालं' म्हणून जी यंत्रं येतात, त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत कॅनमधलं पेट्रोल चालण्याजोगं असतं. बिघडलेलं असतं ते यंत्राच्या आत राहून गेलेलं दोन-चार चमचे पेट्रोल. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, त्याच्या फ्लोट चेंबर नावाच्या छोट्या वाटीत ते साचलेलं असतं. मागच्या मोसमात जनरेटर वापरला, कळ दाबून बंद केला, झाकून ठेवला, आणि वर्षाने कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतलं. इंजिन सुरू झालं नाही की दोष त्या कॅनवर येतो. तुमच्याकडेही असंच झालं असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून साठा दोन ठिकाणी असतो हे लक्षात घेऊ: एक कॅनमध्ये आणि एक यंत्रात. कॅनमधलं पेट्रोल सावकाश बिघडतं, यंत्रातलं झपाट्याने. दोन्हींची काळजी वेगवेगळी घ्यावी लागते.

पेट्रोल बिघडतं म्हणजे नेमकं काय होतं हे कळलं की पुढचं बरंच आपोआप सुचतं, म्हणून ते थोडं खोलात सांगतो.

पेट्रोल हा एक पदार्थ नाही, शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. त्यातले ब्युटेन, पेंटेन यांसारखे घटक फार हलके असतात. ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खालीच उकळतो, पेंटेन ३६ अंशांना. थंड इंजिनाची दोरी ओढल्यावर ते पटकन पेट घेतं ते या हलक्या घटकांच्या वाफेमुळे. झाकण सैल असेल, वायसर कडक झाला असेल किंवा कॅन उन्हात तापत असेल तर सगळ्यांत आधी हेच उडून जातात. मागे उरतं ते जड पेट्रोल. ते जळतं, गरम इंजिनात चालतंही, पण थंड इंजिन सुरू करायला कमी पडतं. म्हणून 'काडी लावून पाहिली, भडकलं की' ही परीक्षा करू नका. ती जिवावर बेतू शकते, आणि तिच्यातून कामाचं काही कळतही नाही.

दुसरं म्हणजे ऑक्सिडेशन. शुद्धीकरण कारखान्यात जड तेलाचे रेणू तोडून जो भाग मिळवतात त्यात ऑलेफिन नावाची संयुगं बरीच असतात आणि त्यांचं हवेतल्या ऑक्सिजनशी सहज जुळतं. आधी पेरॉक्साइडं तयार होतात, ती पुढची साखळी चालवतात, आणि शेवटी डिंकासारखा चिकटा बनतो. हे होऊ नये म्हणून कारखान्यातच पेट्रोलमध्ये अँटिऑक्सिडंट घातलेलं असतं. ते स्वतः खर्ची पडत पेट्रोलला वाचवतं. ते शिल्लक आहे तोवर पेट्रोलमध्ये फारसा फरक दिसत नाही. ते संपलं की बिघाड वेगाने होतो. म्हणूनच लोकांचे अनुभव इतके वेगळे असतात. एकाचं पेट्रोल आठ महिन्यांनी उत्तम, दुसऱ्याचं तेवढ्याच दिवसांत तपकिरी, आणि खरं बोलत असतात दोघंही. पंपावर येण्याआधी ते किती दिवस टाकीत पडून होतं, त्यात मुळात अँटिऑक्सिडंट किती होतं, ठेवलेली जागा किती तापते, कॅनमध्ये हवा किती आहे, यावर सगळं ठरतं. तापमानाचा परिणाम तर फारच मोठा आहे. ढोबळ हिशेब असा की दर १० अंशांना अशा रासायनिक क्रियेचा वेग जवळपास दुप्पट होतो. पत्र्याच्या तापणाऱ्या छपराखाली ४५ अंशांत ठेवलेला कॅन आणि २५ अंशांच्या खोलीतला कॅन यांच्यात चौपट फरक पडतो तो असा. तांबंही ही क्रिया वाढवतं, तेव्हा पेट्रोल काढायला तांब्याची नळी किंवा तांब्याचं भांडं वापरू नका.

प्रयोगशाळेत याची परीक्षा कशी घेतात ते सांगण्यासारखं आहे. पेट्रोल बंद पात्रात घालून त्यावर दाबाखाली ऑक्सिजन भरतात, पात्र १०० अंशांना तापवतात आणि दाब कधी घसरू लागतो ते पाहतात. दाब घसरला म्हणजे पेट्रोल ऑक्सिजन ओढायला लागलं. युरोपच्या ईएन २२८ या मानकाप्रमाणे निदान ३६० मिनिटं तरी असं होता कामा नये. त्याच मानकात तयार चिकट्याची मर्यादा १०० मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे २० लिटरच्या कॅनमध्ये फार तर १ ग्रॅम. एवढासा चिकटा पेट्रोलमध्ये विरघळून इंजिनात जातो आणि जळून जातो, काही बिघडत नाही. पेट्रोल उडून जातं आणि चिकटा तेवढा मागे राहतो, तिथे मात्र तो नडतो. कार्ब्युरेटरकडे वळल्यावर हे पुन्हा लागेल.

तिसरं कारण पाणी. आता बऱ्याच ठिकाणी पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, आणि इथेनॉल पाणी ओढतं. साधं पेट्रोल पाणी जवळजवळ धरतच नाही. पाणी थेट तळाशी बसतं. १० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मात्र साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत पाणी स्वतःत मुरवून घेतं, म्हणजे २० लिटरला सुमारे १०० मिलिलिटर. तोवर ते स्वच्छ दिसतं. मर्यादा ओलांडली की, किंवा थंडीने तापमान उतरल्यावर ही मर्यादाच खाली आली की, इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि तळाशी थर धरतात. पंप किंवा जनरेटर पेट्रोल तळातून ओढतो, म्हणजे पहिल्यांदा इंजिनात जातो तो हाच थर, आणि त्यावर इंजिन चालत नाही. वरचं पेट्रोलही पहिल्यासारखं राहत नाही. इथेनॉल निघून गेल्यामुळे त्याचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात वेळेआधी न पेटण्याची क्षमता सांगणारा आकडा, दोन-तीनने खाली आलेला असतो. कॅन हलवून दोन्ही पुन्हा एक होत नाहीत. स्टॅबिलायझरनेही होत नाहीत.

इथेनॉल हवेतली दमट वाफ ओढून काही आठवड्यांत पेट्रोलचं पाणी करतं असं अनेकांना वाटतं, ते तितकंसं खरं नाही. घट्ट बंद कॅनमध्ये बाहेरची हवा येतच नाही, आणि निव्वळ हवेतून १०० मिलिलिटर पाणी मुरायला पुष्कळ काळ लागतो. कॅनमध्ये पाणी सापडतं तेव्हा बहुतेक वेळा कॅन धुऊन नीट वाळवलेला नसतो, झाकणावर साचलेला पाऊस आत उतरलेला असतो किंवा ओलं नरसाळं वापरलेलं असतं. अर्धा रिकामा कॅन दिवसा तापला आणि रात्री गार झाला की आतल्या भिंतीवर दव धरतं, तेही तळाशी जमतं. ही सगळी कारणं आपल्या हातातली आहेत.

आता कार्ब्युरेटर. फ्लोट चेंबरला वरून हवेचं छिद्र असतं, ते असावंच लागतं. त्यामुळे आतलं पेट्रोल उडत राहतं. चेंबर इंजिनाला लागूनच असतो, म्हणजे इंजिन बंद केल्यावर तो तासभर गरमही राहतो. पेट्रोलचा कॉक उघडा राहिला असेल तर उडालेल्या पेट्रोलची जागा टाकीतलं पेट्रोल घेतं, तेही उडतं, पुन्हा नवं येतं. प्रत्येक वेळी चिकटा तेवढा मागे राहतो. कॅनमध्ये जो १ ग्रॅम चिकटा २० लिटरांत पसरून निरुपद्रवी असतो, त्याचाच अंश इथे एका छिद्राभोवती साठत जातो. काही आठवड्यांतच हे सुरू होतं आणि दोन-तीन महिन्यांत यंत्र अडतं.

असा कार्ब्युरेटर उघडला की चेंबरच्या तळाशी पिवळट-तपकिरी पापुद्रा दिसतो, बोटाला किंचित चिकट लागतो, आणि वास पेट्रोलचा न येता व्हार्निशसारखा आंबूस येतो. इथेनॉल आणि पाणी पोचलं असेल तर धातूवर पांढरी भुकटी फुललेली असते. मग संथ गतीचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा छोटा पितळी तुकडा, काढून उजेडाकडे धरायचा. त्याचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. चांगल्या जेटमधून प्रकाशाचा टाचणीएवढा गोल, स्वच्छ ठिपका दिसतो. चिकटा धरलेल्या जेटमधून तो अर्धवट दिसतो, एका बाजूने खाल्ल्यासारखा, किंवा दिसतच नाही. इथे तार खुपसायचा मोह होतो, पण पितळ मऊ असतं आणि छिद्र जरासं जरी मोठं झालं तरी मिश्रणाचं प्रमाण कायमचं बिघडतं. कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवा, डोळ्यांवर चष्मा घालून हवेच्या दाबाने फुंका, पुन्हा उजेडात पाहा.

तुमच्या जनरेटरचं निदान तुम्हाला घरीच करता येईल. फ्लोट चेंबरच्या तळाचा स्क्रू सैल करून आतलं सगळं पेट्रोल एका काचेच्या बाटलीत काढा. स्क्रू बसवा, टाकीत ताजं पेट्रोल घाला, सुरू करून पाहा. चोक ओढलेला असताना चालतो आणि चोक सोडला की बंद पडतो, किंवा फेरे सारखे वर-खाली होतात, असं झालं तर जेट अर्धवट बुजलेला आहे. चोकने हवा कमी केली तरच मिश्रण जुळतंय, याचा अर्थ पेट्रोल कमी पोचतंय. अशा वेळी पेट्रोल बदलत बसून उपयोग नाही, जेट साफ करायला हवा. ताज्या पेट्रोलवर लगेच नीट चालला तर मात्र कॅनमधल्या पेट्रोलवर संशय घ्यायला जागा आहे.

पुढच्या वेळी जनरेटर महिनाभरापेक्षा जास्त बंद राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. एवढ्याने चेंबर पूर्ण रिकामा होत नाही, जेटच्या खाली थोडं पेट्रोल उरतंच. म्हणून नंतर तळाचा स्क्रू सैल करून तेही काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे आणि दुरुस्तीचा सगळ्यांत मोठा खर्च त्याने टळतो. टाकीबाबत माझं मत असं: लोखंडी टाकी असेल तर ती स्टॅबिलायझर घातलेल्या पेट्रोलने जवळजवळ पूर्ण भरून ठेवा किंवा कोरडी ठणठणीत करून ठेवा. अर्धी भरलेली टाकी सगळ्यांत वाईट, कारण वरच्या रिकाम्या भागात दव धरतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. दर महिन्याला पंधरा मिनिटं भार देऊन जनरेटर चालवायची शिस्त असेल तर हे काही करावं लागत नाही, शिवाय गरजेच्या दिवशी तो सुरू होणार याची खात्रीही राहते. मला हीच पद्धत जास्त पसंत आहे. टू-स्ट्रोक यंत्रं असतील तर ऑइल मिसळलेलं पेट्रोल साठवूच नका, महिनाभर पुरेल एवढंच कालवा. ऑइल घातल्याने पेट्रोल जास्त दिवस टिकतं असं काही नाही.

आता कॅन. पाण्याच्या बाटल्या, खाद्यतेलाचे डबे, पातळ प्लास्टिकचे कॅन यांत पेट्रोल ठेवू नका. काही प्लास्टिक पेट्रोलने मऊ पडतं, काहींतून वाफ भिंतीतूनच झिरपते आणि सहा महिन्यांनी घट्ट बंद कॅनही हलका लागतो. पेट्रोलसाठीच बनवलेले, तसं छापलेले कॅन घ्या. लांबच्या साठ्यासाठी मी धातूचा जेरीकॅन निवडतो, खटक्याने बंद होणारा. १९३०च्या दशकात जर्मन सैन्यासाठी बनलेला २० लिटरचा हा आराखडा आजही टिकून आहे आणि त्याला कारण आहे. कॅन उभा करून नेहमीसारखा भरला तरी वरच्या फुगीर भागात हवेला जागा उरते. ती जागा लागतेच. पेट्रोल तापलं की फुगतं; २० लिटर पेट्रोल २५ अंशांनी तापलं तर जवळजवळ अर्धा लिटर वाढतं. गळ्यापर्यंत भरलेला कॅन म्हणूनच गळतो किंवा फुगतो. वीसांश जागा रिकामी सोडा, त्याहून जास्त नको, कारण जास्त जागा म्हणजे जास्त हवा आणि जास्त ऑक्सिजन. याच कारणासाठी ४० लिटरचं एक पिंप घेण्याऐवजी १० किंवा २० लिटरचे कॅन घ्या. एक उघडलात तरी बाकीचे बंद राहतात, आणि २० लिटरचा कॅन भरला की १५ किलोंहून जड होतो, तो उचलून टाकीत ओतायचा आहे हेही ध्यानात ठेवा.

कॅनचा वायसर वर्षातून एकदा बोटाने दाबून पाहा. कडक, चिरलेला किंवा चपटा झाला असेल तर बदला. तापलेला कॅन उघडताना झाकण सावकाश सैल करा, आत दाब असतो. थंडीच्या मोसमासाठी बनवलेल्या पेट्रोलमध्ये ब्युटेन जास्त असतो, ते उन्हाळ्यात जास्तच फुसफुसतं.

जागेच्या बाबतीत मी कुणाचीही भीड ठेवत नाही. राहत्या घरात, तळघरात, जिन्याखाली किंवा घराला जोडलेल्या बंद खोलीत पेट्रोल ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते आणि दाराच्या फटीतून पलीकडच्या खोलीतही जाते. शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे खोली थंड आहे म्हणून सुरक्षित असं काही नसतं. हवेत वाफेचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोचलं की ठिणगी पुरते. एक लिटर पेट्रोल सांडून उडालं तर एका लहान खोलीतली सगळी हवा पेटण्याजोगी होऊ शकते. ठिणगी कुठूनही येते: पाणी तापवायच्या गॅसच्या ज्योतीतून, फ्रिजच्या आतल्या स्विचमधून, साध्या बटणातून. घरापासून सुटी असलेली, खालून आणि वरून हवा खेळणारी, कुलूप लागणारी, ऊन न लागणारी जागा हवी. अशी जागा नसेल तर साठा करायचाच नाही, हे मी दुकानात समोर बसलेल्या माणसालाही असंच सांगतो. किती लिटर ठेवायला परवानगी आहे हे ठिकाणानुसार बदलतं. कॅन विकत घेण्याआधी तुमच्या भागातला नियम आणि विमा घेतला असेल तर त्याच्या अटी पाहून घ्या.

भरताना कॅन गाडीत ठेवून भरू नका. जमिनीवर ठेवा, नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं राहू द्या आणि सावकाश भरा. प्लास्टिकच्या चटईवर किंवा सीटवर ठेवलेल्या कॅनमध्ये स्थिर विजेचा भार साचतो, तो जमिनीत उतरायला वाट हवी. आणि जनरेटर चालू असताना किंवा नुकताच बंद केलेला असताना टाकीत पेट्रोल ओतू नका, तो निवू द्या.

स्टॅबिलायझरबद्दल लोकांच्या अपेक्षा फार असतात. त्यात मुख्यत्वे अँटिऑक्सिडंट असतं, म्हणजे कारखान्यात जे घातलेलं असतं त्याचीच भर आपण घालतो. त्याने ऑक्सिडेशन लांबतं. उडालेले हलके घटक त्याने परत येत नाहीत, झालेला चिकटा जात नाही, वेगळं झालेलं पाणी मिसळत नाही. म्हणून ते पहिल्याच दिवशी घालायचं. सहा महिने जुन्या पेट्रोलमध्ये घातलेलं स्टॅबिलायझर बहुतांशी वायाच. मी आधी रिकाम्या कॅनमध्ये बाटलीवर सांगितलेलं माप ओततो आणि वरून पेट्रोल भरतो, ते आपोआप नीट मिसळतं. माप वाढवून आयुष्य वाढत नाही. उघडलेली बाटली वर्षानुवर्षं ठेवू नका, तिचाही कस कमी होतो. यंत्राच्या टाकीत घातलं असेल तर इंजिन दहा मिनिटं चालवा, नाहीतर कार्ब्युरेटरमध्ये जुनंच पेट्रोल राहतं. डांबरगोळ्या, ॲसिटोन, रॉकेल असलं काही टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यातलं काहीही पेट्रोलला टिकवत नाही.

हे सगळं सांगितल्यावर माझं मुख्य म्हणणं: पेट्रोल साठवून विसरू नका, फिरतं ठेवा. तुमच्याकडे गाडी असेल तर पेट्रोल जुनं होण्याचा प्रश्नच उरत नाही. चार कॅन घ्या, प्रत्येकी १० लिटरचे. प्रत्येकावर भरल्याची तारीख रंगाने किंवा चिकटपट्टीवर लिहा, झाकणावर नको, झाकणं अदलाबदल होतात. दर दीड-दोन महिन्यांनी सगळ्यांत जुना कॅन गाडीत ओता आणि तोच पुन्हा भरून आणा. चारही कॅनांची फेरी सहा-आठ महिन्यांत पूर्ण होते, म्हणजे तुमच्याकडचं पेट्रोल कधीच आठ महिन्यांपेक्षा जुनं नसतं. वाया काहीच जात नाही, कारण ते तुम्ही एरवीही गाडीत घालणारच होतात. इथेनॉलविरहित पेट्रोल मिळत असेल तर साठ्यासाठी ते घ्या, पण त्यासाठी अडून बसायची गरज नाही; फेरी चालू असेल तर इथेनॉलचं पेट्रोलही या मुदतीत चांगलं राहतं.

किती साठवायचं तेही एकदा मोजा. एक-दोन किलोवॅटचा छोटा जनरेटर अर्ध्या भाराला तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल पितो. रोज सहा तास चालवला, तरी तीन दिवसांना ९ ते १८ लिटर लागतील. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत नेमका आकडा असतो. फ्रिज, दिवे आणि फोन यांपुरताच वापर असेल तर ४० लिटर कदाचित गरजेपेक्षा जास्त आहे, आणि कमी साठा म्हणजे कमी धोका.

जुना कॅन हाती आला आणि तारीख नाही, तर पारदर्शक काचेची बरणी घ्या. कॅन न हलवता तळातून नळीने थोडं पेट्रोल काढा, कारण पाणी तळाशी असतं. नळी तोंडाने ओढू नका, हातपंप वापरा. बरणी अर्धा तास झाकून ठेवा आणि पांढऱ्या कागदासमोर धरा. शेजारी ताज्या पेट्रोलची बरणी ठेवली तर फरक लगेच कळतो. पेट्रोल स्वच्छ, रंग जवळपास सारखा आणि वास तीव्र, ओळखीचा असेल तर वापरायला हरकत नाही. रंग गडद पण पेट्रोल स्वच्छ, वास जरा मंद, असं असेल तर मी ते छोट्या यंत्रात घालत नाही; गाडीच्या मोठ्या टाकीत एकास दहा या प्रमाणात ताज्या पेट्रोलमध्ये मिसळून संपवतो. गढूळ दिसलं, तळाशी थर दिसला, किंवा व्हार्निशचा वास आला तर ते कशातच घालायचं नाही. वरचं निथळून घेऊ असाही विचार करू नका, त्याचा ऑक्टेन उतरलेला असतो. ते गटारात, मातीत किंवा कचऱ्यात टाकू नका आणि जाळूही नका. गटारात गेलेली वाफ कुठल्या घरात वर येईल सांगता येत नाही. घातक कचरा घेणारं केंद्र किंवा जुनं ऑइल उचलणारं गॅरेज विचारून तिकडे द्या.

गाडी नसेल, फेरी जमणार नसेल आणि तरीही वर्षानुवर्षं तयार राहायचं असेल तर पेट्रोलचा हट्ट सोडावा असं मला वाटतं. अल्किलेट पेट्रोल नावाचं एक इंधन मिळतं. त्यात ऑलेफिन जवळजवळ नसतात आणि इथेनॉलही नसतं, त्यामुळे बंद डब्यात ते काही वर्षं टिकतं आणि फ्लोट चेंबरमध्ये चिकटाही सोडत नाही. महाग असतं, पण वर्षातून चार तास चालणाऱ्या यंत्राला ते परवडतं. दुसरा मार्ग म्हणजे गॅसवरही चालणारा जनरेटर. सिलिंडरमधला गॅस शिळा होत नाही, त्यात चिकटा धरत नाही आणि कार्ब्युरेटर कोरडा राहतो. ताकद पेट्रोलपेक्षा थोडी कमी मिळते, आणि कडक थंडीत ब्युटेन जास्त असलेला गॅस नीट वाफ देत नाही. सिलिंडरही घराबाहेर, हवेशीर जागीच ठेवावा लागतो, आणि त्याच्या रबरी नळीची व रेग्युलेटरची तपासणी ठरल्या मुदतीत करावी लागते.